आधी कागदं बघा

कुपवाडच्या कामगार वस्तीत आमच्या वर्गाची पायी फेरी होती. बाहेरगावाहून येऊन राहिलेल्यांना भेटायचं, त्यांचं जेवण, त्यांचे सण समजून घ्यायचे. दारात पाणीपुरीच्या पुऱ्या लाटत बसलेल्या माणसाला मी यादीतला पहिला, सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

त्याचं लाटणं थांबलं. पिठाचे हात त्यानं लुंगीला दोनदा पुसले, आत गेला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आधार कार्ड, भाडेकरार, पोरीचं शाळेचं बोनाफाईड. एकेक कागद कडेनं धरून तो माझ्यापुढं मांडत गेला.

"काका, आम्ही कॉलेजची मुलं. सणांबद्दल विचारायला आलोय."

"व्हय ताई, पर आदी कागदं बघा," तो आमच्याच बोलीत म्हणाला. "मंग सण इचारा."

मी वही मिटली. माझे वडील, आप्पा, विट्याकडचे, पण वीस वर्षं कोईमतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहेत. कोपऱ्यावर जाऊन मी त्यांना फोन लावला.

"आप्पा, तुमचे कागद कुठं असतात?"

"खिशात," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज बारीक झाला. "का गं? कोन इचारायला आलंतं काय?"