मौनात कोणी ओरडत नाही

मी ओसरीत भिंतीला टेकून कलंडले होते, तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि मुलगा मला हात जोडून शेतावर निघाला होता.

अमावस्या होती. दर अमावस्येला मी दिवसभर मौन धरते. मला देवीच्या बीजमंत्राची दीक्षा आहे. बीज म्हणजे एकच अक्षर. ते मनात म्हणायचं, त्याचा शेवटचा अनुस्वार विरत जातो तिथवर ऐकायचं, आणि मग उरते त्या शांततेत बसायचं. ओठ हलवायचे नाहीत. दुसऱ्याच्या कानी गेला तर मंत्र जळतो, असं दीक्षेच्या वेळी गुरुमायनी सांगितलं होतं.

त्या सकाळी अंगण झाडून आत आले आणि उजवा हात लोंबकळला. हाक मारायला गेले. शब्द डोक्यात होता, जिभेवर येईना. मुलगा सुनेला म्हणाला, "माय मौनात बसली हाय, तिले छेडू नोको."

मग मी ओरडले. जनावरासारखा आवाज निघाला. सून चुलीपुढून धावत आली, नवऱ्यावर खेकसली, "मौनात कोनी वरडते का जी? डोये फुटले का तुमचे? तोंड पाहा आईचं, वाकडं झालं!" जीप तिनंच बोलावली.

गडचिरोलीला सीटी स्कॅन झाला, म्हणजे डोक्याच्या आतले फोटो. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक आहे. मेंदूची डावीकडची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. त्रास कधी सुरू झाला?" घरचे एकमेकांना विचारत राहिले. मला कोणी विचारलं नाही. बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, असं लोक धरून चालतात. इंजेक्शन राहिलं.

वाचा जाण्याला अफेजिया म्हणतात. सगळं समजतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. मीठ पाहिजे हे सांगता येत नाही. लघवीला लागली हे सांगता येत नाही. वॉर्डात छताकडे बघत पडायचं, पंखा फिरतो तो बघायचा. माझा जीव कंटाळून गेला.

बोलणं शिकवायला एक बाई येत. "सवयीचं काही म्हणा, आजी. गिनती, आरती." काहीच निघेना. एका दुपारी थकून मी मनात जप सुरू केला, आणि ते अक्षर तोंडातून निघालं. मोठ्यानं, स्वच्छ. मीच घाबरले.

शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांचे लोक सिस्टरकडे गेले. "बुढी मंत्र मारून राह्यली. आमची खाट हलवा."

सिस्टर म्हणाली, "मारू द्या. तुमचा बुढा तिच्या पयलेचाच आजारी हाय ना?"

शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. "हेच म्हणा, आजी. अंगवळणी पडलेलं मेंदू दुसऱ्या वाटेनं बाहेर काढतो. त्यावरूनच बाकीचे शब्द ओढू." मी ओठ मिटले. बाई रोज यायच्या, मी रोज नकाराची मान हलवायचे. मंत्र जाळून बोलायला शिकायचं की मुकं राहायचं? आयुष्यभर जपलेलं माझ्याजवळ तेवढंच होतं.

शेवटी माझी अडचण ओळखून मुलानं गुरुमायला फोन लावला. त्या ब्रह्मपुरीकडे राहतात, माझ्याहून म्हाताऱ्या. आवाज मोठा करून फोन त्यानं माझ्या कानाशी धरला. त्या त्याला म्हणाल्या, "मुकीच मेली तर मंत्र का तिच्या संगं सरणावर ठेवता? जे देवी मनात आयकते, थे तोंडातलंबी आयकते. बोलू दे तिले."

मग मी मंत्र मोठ्यानं म्हटला. अनुस्वार लांबवायचा, म्‌ वर ओठ मिटायचे, आणि उघडताना पुढचा शब्द सोडायचा. पहिला शब्द "मीठ" निघाला. तिथली खिचडी अळणीच असे.

आता अडखळत बोलते. उजवा हात अर्धाच चालतो. पूर्वी मला वाटे, शांतता मोठी आणि बोलणं हलकं. जे मौन आपल्याला मोडता येत नाही ते मौन नव्हे, आजार आहे. घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं गेलं, तर तिथी बघू नका, व्रत बघू नका. गाडी बोलवा. माझ्या सुनेनं बोलावली, तिचे उपकार आहेत.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा माझी सुट्टी होण्याआधीच वारले. त्यांच्या लोकांनी जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाचले.