काजकाकूंचं मागचं दार

काजकाकूंचं खरं नाव फक्त बँकेला माहीत. बाकी सगळ्यांसाठी त्या काजकाकू. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला चिकटलेल्या खोलीत त्या कपडे सैल करून देतात, आखूड करून देतात, आणि काजं तर अशी करतात की बटण आपणहून आत शिरावं. शिकायला येणाऱ्या मुली घाईघाईत आधी कातर चालवतात आणि बोलणी खातात.

"अगं बाई, आधी मशीनवर चारी कडा शिवून घे, मग मधोमध काप. कडा बांधल्याशिवाय भोक पाडलंस तर उसवत जातं ते."

नगरसेवकसुद्धा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. प्रत्येक निवडणुकीनंतर त्यांची पँट दोन बोटं सैल करावी लागते. वॉर्डाचा विकास कुणाला दिसो न दिसो, काकूंच्या टेपवर तो स्पष्ट दिसतो.

गेल्या थंडीत जिन्याखालचे विजेचे मीटर पेटले. बाहेर पडायचा रस्ता एकच, तोही त्याच जिन्यासमोरून. वरचे लोक चपला टाकून पळाले. काकूंचा नवरा कुठे पळणार? आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि शेवटी एका लिफ्टनंच त्यांचे पाय घेतले. काकूंनी ओले पडदे दाराच्या फटीत कोंबले, काकांची चाकाची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली आणि दोघं तोंडावर टॉवेल धरून बसले. भिंतीपलीकडे, वीतभर अंतरावर, अख्खी गल्ली मोकळी होती.

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला निदान घंटा तरी असते," काका खोकत म्हणाले.

बंब वेळेवर आला म्हणून दोघं वाचले. पण त्या दिवसापासून जिन्यात कुणी काडी ओढली तरी काकांचे हात खुर्चीच्या चाकांवर घट्ट बसायचे. काकूंनी ठरवलं, या भिंतीत दार झालंच पाहिजे.

पालिकेत सुरक्षा विभाग म्हणाला, इमारत धोकादायक आहे, तेव्हा भिंतीला हात लावता येणार नाही. गृहनिर्माण विभाग म्हणाला, इमारत पुरेशी धोकादायक नाही, तेव्हा पुनर्विकासात तिचा नंबर लांब आहे.

"मग आणखी किती धोका करू?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी येऊन बघा," खिडकीतल्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या.

दाराला परवानगी मिळाली नाही, पण रंगाला निधी मिळाला. नवा पूल झाला होता आणि पुलावरून जाणाऱ्यांना मागच्या गल्लीतल्या पोपडे आलेल्या भिंती दिसत होत्या. लोकांचं मन खिन्न होऊ नये म्हणून पालिकेनं सर्वानुमते 'आनंदी भिंती' मंजूर केल्या. भिंतींच्या आत राहणाऱ्यांचं मन या ठरावाच्या कक्षेत येत नव्हतं.

एक पेंटर पोरगी बादल्या घेऊन आली. "काकू, तुमच्या भिंतीवर काय काढू? फुलपाखरं आहेत, सूर्यफुलं आहेत, हसरा सूर्य आहे."

"सूर्य नको. आम्हाला हसणारे आधीच पुष्कळ आहेत. दार काढ."

"कसलं दार?"

"यांची खुर्ची जाईल असलं. थांब, टेप आणते."

काकूंनी बाहेर येऊन माप दिलं, इंचभर शिलाईसुद्धा सोडली. पोरीनं जीव ओतून निळं दार काढलं. चौकट, पितळी मूठ, खाली सावली. काकांनी आतून ओरडून विचारलं, "कडी कुठल्या बाजूनं आहे? बाहेरून असेल तर काय उपयोग?"

नंतर सुरक्षा विभागाचे साहेब पाहणीला आले. गल्लीत चिखल होता आणि साहेबांचे बूट नवे होते, म्हणून त्यांनी गाडीच्या काचेतूनच पाहणी केली.

पालिकेच्या पुढच्या सभेत काकू प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या होत्या. साहेबांनी वाचून दाखवलं, "सदर इमारतीच्या तळमजल्यास मागील बाजूने पर्यायी निर्गमनद्वार उपलब्ध असून ते सुस्थितीत आहे. इमारत सुरक्षित."

काकू उभ्याच राहिल्या. "अहो साहेब, ते चित्र आहे!"

"नागरिकांनी मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

"मध्ये नाही हो, मागे. मागची भिंत. तिथं नुसता रंग आहे!"

"रंगकामाबद्दल कौतुक नोंदवून घ्या," अध्यक्षांनी सांगितलं. बाकं वाजली. ठराव मंजूर.

बाहेर नगरसेवकांनी त्यांना गाठलं. "काकू, कशाला वाद घालता? सगळ्यांनी हात वर केलेत. आता तिथं दार नाही म्हणायचं तर अख्खं सभागृह खोटं पडतं."

"म्हणजे दार आहे?"

"आहेच!"

"नक्की?"

"ठरावच झालाय काकू. आता देव आला तरी बदलत नाही."

काकूंनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी वरच्या मजल्यावरच्या गवंड्याला हाक मारली. त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि डोकं खाजवलं. "काकू, फोडतो. पण आधी वर लोखंडी तुळई बसवू, नाहीतर घर डोक्यावर येईल."

"तेच तर म्हणते. आधी कडा, मग कातर. आखून तर पालिकेनंच दिलंय."

तुळई बसली आणि निळ्या चौकटीच्या बरोबर आतल्या विटा निघाल्या. धूळ खाली बसायच्या आत साहेब हजर. या खेपेला गाडीतून उतरून, चिखलातून.

"विनापरवाना भिंत फोडलीत! दंड होईल, बाई!"

"कुठली भिंत?" काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या त्यांनी सावकाश उशीला लावल्या. "तुम्हीच म्हणालात ना, दार आहे, सुस्थितीत आहे. तेवढं सुस्थितीत नव्हतं हो. फार जाम झालेलं. उघडून घेतलं."

साहेबांनी चौकटीकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. दंड करायचा तर आधी सांगावं लागणार की आपण पितळी मुठीच्या चित्राला पास केलं. "किरकोळ दुरुस्ती," ते पुटपुटले, "अं... नागरिकांच्या सहभागातून."

"लिहा ना तसं. सहभाग होताच आमचा."

काकांना हे काहीच ऐकू आलं नाही. ते खुर्ची ढकलत भोकापर्यंत गेले, थांबले, चाकांच्या दोन्ही बाजूंना बोट घालून जागा चाचपली आणि गल्लीत गेले. तिथून मागे वळून आपल्याच घराकडे बघत बसले, पाहुण्यासारखे.

दाराची फळी मात्र अजून बसलेली नाही. लाकूड महाग आहे. पण नगरसेवकांनी 'आमच्या प्रयत्नांतून मागचे दार' असा स्वतःच्या पूर्णाकृती फोटोचा भलामोठा फ्लेक्स गल्लीत लावला होता. एका वाऱ्यात तो सुटला आणि काकूंच्या उंबऱ्यात येऊन पडला. घरात आलेलं कापड वाया घालवणं काकूंच्या स्वभावात नाही. त्यांनी चारी कडा शिवल्या, मग मधोमध कातर चालवली आणि पडदा टांगला.

आता काका सकाळ-संध्याकाळ नगरसेवकांच्या पोटातून आरपार जातात.

"कमरेत पुरेसं सैल आहे ना हो?" काकू मशीनवरून विचारतात.

"भरपूर," बाहेरून काका म्हणतात. "अजून एक खुर्ची मावेल."