भिंतीवरचा कळप

त्या पुस्तकात अक्षरं थोडी होती आणि तीही इंग्रजी. मला इंग्रजीचा गंध नव्हता. पण पानापानावर रंगीत चित्र होतं, म्हणून बीडच्या उरुसात जुन्या सामानवाल्याकडून मी ते उचललं. कुणा साहेबाच्या मुलाचं असावं, एक कोपरा चावलेला होता. गोष्ट चित्रांवरूनच कळत होती. पहिल्या पानावर डोंगरात चुकलेलं एकटं कोकरू. पुढं त्याला शोधायला निघालेला मेंढपाळ, पाऊस, नदी, काट्यांचं झुडूप. शेवटच्या पानावर कोकरू सापडून घरी आलेलं, चुलीपुढं शेकत बसलेलं, आणि भोवती सगळं घर.

लिंबागणेश आणि शिरूर यांच्या मधल्या माळावर धनगरांचं एक लहानसं गाव होतं. निजाम सरकारच्या तालीम खात्यानं, म्हणजे शिक्षणखात्यानं, तिथं शाळा काढली होती. शाळा म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, पुढं ओसरी, दोन फाटक्या सतरंज्या, आणि मी. ती जागा मी मागून घेतली होती. बीडमधले लोक विचारायचे, शहर सोडून त्या ओसाड माळावर कशाला मरायला जातोस? आदल्या वर्षी प्लेगात माझी बायको गेली होती. त्यानंतर घरात मी आणि भिंती. मी एकट्यापुरती भाकरी थापायचो आणि सवयीनं दोन ताटं मांडायचो. असल्या घरात मला राहायचं नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर होतं. पण ते लोकांना सांगता येत नाही, म्हणून मी म्हणायचो, हवा चांगली आहे.

गावात पोरं मात्र भरपूर होती. सकाळी ओसरीवर चिमण्यांसारखी गोळा व्हायची, भांडायची, रडायची, माझ्या धोतराला नाक पुसायची. मला ते सगळं हवं होतं. खात्याच्या हुकुमाप्रमाणे आधी उर्दूचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, मग बाकीचं. कायदा उजवीकडून उघडतो. पोरांनी जन्मात पाहिलेलं पुस्तक तेवढं एकच. त्यामुळं चित्रांचं पुस्तक मी पुढं ठेवलं तेव्हा त्यांनी तेही उजवीकडूनच, म्हणजे शेवटच्या पानापासून उघडलं.

मी ते उलटं करून दिलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. "पुस्तक आसंच उघडतंय मास्तर," एक पोरगी म्हणाली, "तुमीच तर शिकिवलं."

आता गोष्ट अशी झाली: कोकरू घरात चुलीपुढं सुखानं बसलंय. मेंढपाळ त्याला उचलून बाहेर नेतो, काट्यांतून, नदीतून, पावसातून, आणि शेवटी डोंगरात एकटं सोडून देतो. मला ते बघवेना. पोरांना त्यात काहीच वावगं वाटेना. दिवाळी झाली, वाडा निघाला, असा त्यांनी साधा अर्थ लावला. वाडा म्हणजे त्यांचा चालता संसार: मेंढरं, बिऱ्हाड लादलेली घोडी, कुत्री, पोरंबाळं. शेवटी कोकरू एकटंच का, असं मी विचारलं, तर ती पोरगी म्हणाली, "चितारी दमला आसंल. बाकीची मेंढरं काढायची ऱ्हायली त्याची."

वाडा निघाला, हे शब्द मला नकोसे होते. दिवाळी झाली की सगळा गाव गंगथडीला जायचा, गोदावरीकाठच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला. परतायचा तो मृगाच्या तोंडावर. मागं उरायची चार-दोन म्हातारी माणसं. आणि ऐन थंडीत तालीम खात्याचे मोहतमीम साहेब शाळा तपासायला यायचे. पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद, आणि मी परत बीडच्या घरात. माझ्या आधीच्या मास्तराचं असंच झालं होतं; मी जागा मागितली म्हणून शाळा पुन्हा उघडली. तो आनंदानं गेला होता म्हणे.

मी एक युक्ती काढली. खोलीची लांब भिंत रिकामी होती. तिच्यावर पोरांकडून ते अख्खं पुस्तक काढून घ्यायचं, एकेका पानाला हातभर नव्हे, चांगली चार-पाच हात जागा द्यायची. एवढं मोठं काम दिवाळीपर्यंत उरकणारच नाही. मग पोरं हट्ट धरतील, म्हाताऱ्या माणसांजवळ मागं राहतील, निदान पाच-सहा तरी. असा माझा कावा होता.

गेरू, चुना, कोळशाची पूड, थोडी नीळ, हळद. शिंदीच्या काड्या ठेचून कुंचले केले. एकानं पाय काढायचे, दुसऱ्यानं लोकर, तिसऱ्यानं डोळे, कारण प्रत्येकाला सगळं येत नव्हतं आणि डोळे तर एकाच पोराला येत होते. तो सबंध भिंतभर नुसते डोळे काढत फिरायचा. चूल पोरींनी काढली, खऱ्या चुलीसारखी, बाजूच्या वैलासकट. काम अगदी माझ्या मनासारखं हळू चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी पोरांच्या आया आल्या. हात कमरेवर ठेवून भिंतीकडं पाहत उभ्या राहिल्या. "एवढ्या भिंतीला ही चिमुरडी काय पुरायची?" एकजण म्हणाली आणि तिनं पदर खोचला. त्या गावात कुणाचीही भिंत त्या घरच्या बाईनं एकटीनं सारवायची नाही, रंगवायची नाही, अशी रीतच होती. सगळ्याजणी मिळून घराघराची भिंत उरकायच्या. मी नको नको म्हणत राहिलो. मास्तर लाजतात, असं त्यांना वाटलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. महिनाभर पुरायचं काम आठवड्यात संपत आलं.

मध्ये दोन दिवस मोडले तेवढेच, तेही भांडणात. प्रत्येक घराच्या मेंढरांना आपली खूण असते. कुणाची मानेवर गेरूचा पट्टा, कुणाची पाठीवर निळा ठिपका. मग चुलीपुढचं कोकरू कुणाचं? पोरं हमरीतुमरीवर आली, मागून आयाही. बिनखुणेचं ठेवा म्हणालो, तर सगळ्या माझ्यावर उलटल्या. बिनखुणेचं म्हणजे बेवारशी, ते कोण घरात घेणार? शेवटी तोड निघाली ती अशी की त्या एका कोकराच्या अंगावर सगळ्या घरांच्या खुणा आल्या. लोकर दिसेना नुसती, पण सगळे खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

उजवीकडून सुरुवात केल्यामुळं आता डावीकडचा एकच तुकडा राहिला, डोंगरातल्या एकट्या कोकराचा. तिथं पोरांनी कळप काढायला घेतला. मी अडवलं. म्हटलं, पुस्तकात एकटंच आहे, तसंच काढा. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं कुंचला खाली ठेवला.

"एकलं मेंढरू काढू न्हाई, मास्तर. चित्रात बी न्हाई."

मीही हटून बसलो. का बसलो ते आज सांगता येतं. त्या सगळ्या पुस्तकात ते एकच चित्र मला माझं वाटत होतं, आणि तेच पुसायला निघाले होते.

"मंग तुमीच काढा," म्हातारी म्हणाली, पण रागानं नव्हे. तेवढी जागा कोरी राहिली.

दिवाळी झाली. वाड्याच्या म्होरक्याला मी मामा म्हणायचो. त्याच्याकडं गेलो आणि आडपडदा न ठेवता म्हणालो, "मामा, पाच-सहा पोरं ठेवा मागं. मी सांभाळीन, खायला घालीन."

"तुमी सांभाळताल वं," तो म्हणाला, "पर वाटंनं कोकरं कोन सांभाळंल? पोरं लागत्यात ना." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "तुमीच चला की आमच्यासंगं. एकलेच हितं कशापायी बसता?"

मी सरकारी नोकरीचं कारण सांगितलं. नदीकाठी पालात राहायचं, ही कल्पनाच मला पेलली नाही. त्यानं आग्रह केला नाही. थोडा वेळ दाढी खाजवली आणि एक लंगडी मेंढी ओढत आणली.

"हिला पल्ला झेपायचा न्हाई. गाभन हाय. तुमच्याजवळ ठिवतो. जगली तर बरं, पिलू निम्मं तुमचं."

दुसऱ्या दिवशी वाडा हलला. पोरं मागं वळून बघत होती, पण कोकरं सांभाळायची होती, त्यामुळं फार वेळ नाही.

मेंढी दोन दिवस खाईना. पाला पुढं ठेवला की मान फिरवायची आणि वाडा गेला त्या वाटेकडं ओरडायची. शेवटी मी माझी भाकरी घेऊन तिच्याशेजारी ओसरीवर बसलो आणि खाऊ लागलो. तेव्हा तिनं तोंड हलवलं. मग रोजचंच झालं. ती जेवावी म्हणून मी तिच्याजवळ जेवायचो, आणि बाकीच्या वेळी रिकाम्या सतरंज्या झाडायचो. एका दुपारी वैतागून कुंचला घेतला आणि भिंतीवरचा कोरा तुकडा भरून टाकला. माझं कोकरू कुत्र्यासारखं दिसत होतं, पण एकटं मात्र अगदी बरोबर दिसत होतं.

मोहतमीम साहेब आले ते घोड्यावरून, गळ्यात लोकरी गुलूबंद गुंडाळून. मूळचे हैदराबादचे.

"बच्चे किधर हैं?"

"गंगथडी गये, साहब. मेंढरं लेकर."

ते उतरून खोलीत आले. भिंतीपुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या लिपीच्या सवयीनं उजवीकडून डावीकडं सरकत गेले. चुलीपाशी हसले. खुणांनी भरलेल्या कोकरावरून त्यांनी बोट फिरवलं. शेवटच्या चित्रापाशी थांबले.

"इसको अकेला क्यों छोड़ दिया?"

"किताब में ऐसा ही है, साहब."

"अच्छी किताब नहीं," ते म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. पण ते ओसरीवर बसले आणि शाळा बंद केल्याचा हुकूम लिहू लागले. किल्ली घेऊन चार दिवसांत बीडला हजर व्हा, म्हणाले. मी हात जोडले. पोरांबद्दल बोलायला गेलो ते तोंडातून भलतंच आलं. मी म्हणालो, "साहब, ये मेंढी लोगों की अमानत है. लंगडी है, चल नहीं सकती."

त्यांनी मेंढीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव, ती त्यांनाही मोडता येईना. "अमानत है तो रुको," ते म्हणाले. "मगर तनख़्वाह नहीं मिलेगी. सरकार के पास भेड़ों का मदरसा नहीं है." एवढं बोलून ते घोड्यावर चढले. शाळा गेली, पण मृगापर्यंत मला बीडच्या त्या घरात जावं लागणार नव्हतं. आपण जिंकलो की हरलो, हे मला ठरवता येईना.

माघात एका सकाळी मेंढी व्याली. मी तिच्याजवळ गुडघे टेकून बसलो होतो, काय करायचं ते काडीचंही माहीत नव्हतं. तिनंच सगळं केलं. ओलं, थरथरणारं पिलू पडलं, दोनदा उठून कोलमडलं, आणि तिसऱ्यांदा चारी पाय फाकवून उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं पोरांना हाक मारली. खोलीत माझाच आवाज घुमला. मागं राहिलेली म्हातारी माणसं त्या दिवशी चतुर्थीला लिंबागणेशला गेली होती. सगळ्या गावात सांगायला जीव नव्हता. आनंद एकट्यानं बाळगणं दुःखापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

मी तसाच अनवाणी गाडीवाटेवर पळालो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कडब्याची एक गाडी आली. गाडीवान अनोळखी होता. मी आडवा गेलो म्हणून त्यानं बैल थांबवले.

"मेंढी व्याली," मी म्हणालो.

त्याला हसायलाही हरकत नव्हती. पण त्यानं कासरा सैल सोडला आणि विचारलं, "नर का मादी?"

"मादी."

"उठून हुबं ऱ्हायलं का?"

"राहिलं."

"मंग झ्याक झालं," तो म्हणाला आणि बैल हाकले.

कुणीतरी विचारलं, एवढंच झालं होतं. मी वाटेच्या कडेला खाली बसलो आणि बायको गेल्यापासून जे रडलो नव्हतो ते सगळं रडलो.