काटेसाहेबांचा वरचा सूर

काटे हे त्यांचं आडनाव नाही. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि कुठल्याही यंत्राजवळ गेले की ते आधी मीटरचा काटा बघतात, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं. खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक आहे. एकदा बायकोला फणफणून ताप आला, तेव्हा तिच्या कपाळाला हात लावायच्या आधी त्यांनी घरातला थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या थर्मामीटरने तपासलं. आणि दुसरा बरोबर आहे की नाही हे तिसऱ्याने. तोवर ताप उतरला होता, असं ती सांगते.

हा माणूस संगीताच्या नादी लागेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण मोडीत निघालेल्या यंत्रांचे भाग घरी येत गेले आणि मागच्या खोलीत विजेवर सूर काढणारी सहा खोकी उभी राहिली. एक घुमायचं, एक थरथरायचं, एक नुसतंच दम लागल्यासारखं करायचं. "हे काय वाजतंय हो?" असं बायकोने विचारलं की साहेब म्हणत, "वाजत नाहीये. आहे."  ती कानात कापसाचे बोळे घालून भाजी चिरायला घेई.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनी त्यांच्याकडे राहायला आल्या. त्या याच इस्पितळात बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. "थांबा, जोडून देते," हे त्यांचं वाक्य निम्म्या गावाने ऐकलेलं. आवाज खालचा, किंचित घोगरा, आणि असा धीर देणारा की चुकीचा नंबर लागला तरी माणूस आभार मानून फोन ठेवी. एका दुपारी त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि मागच्या खोलीत घुमणारं खोकं सुरू होतं. नकळत वहिनी त्या सुरात सूर मिळवून गुणगुणू लागल्या. साहेब धावत बाहेर आले.

"वहिनी, पुन्हा करा."

"काय करू?"

"आत्ता करत होतात ते."

"घड्या?"

इथून त्या दोघांचं काम सुरू झालं आणि दोन वर्षं चाललं. शब्द नाहीत, ताल नाही. वहिनींचं गुणगुणणं आणि भोवती खोक्यांचे सूर, अशा तीन रचना, मिळून चाळीस मिनिटं. या खोलीत साहेबांचा एकच नियम होता. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर आवाज किती मोठा आहे ते दाखवणारा मीटर होता. त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. "दिवसभर काट्याची नोकरी करतो," ते म्हणायचे. "इथे फक्त कानाचं ऐकायचं." जन्मभर ज्याने कशावरही काट्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्याने स्वतःच्या कानांवर मात्र डोळे मिटून ठेवला.

साहेबांनी पाठवलेली पहिली रचना ऐकून एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा तरुण अधिकारी घरी आला. डोळे मिटून बसला, मग म्हणाला, "हे असं काही कुणी केलेलं नाही. आम्ही काढू." करार झाला. मुखपृष्ठावर दोघांचा फोटो येणार होता, म्हणून वहिनींनी चष्म्याची फ्रेम बदलली. "बत्तीस वर्षं माझा आवाज सगळ्यांना माहीत होता हो," त्या जावेला म्हणाल्या, "पण मागे कोण बसलंय ते कुणालाच नाही. आता एकदा दोन्ही एका ठिकाणी येऊ देत."

दुसऱ्या आणि तिसऱ्या रचनेत साहेबांनी एक फार वरचा सूर आणला. वहिनींच्या आवाजाला बारीक चंदेरी कड हवी, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर बटण फिरवत, मान तिरकी करकरून, मनासारखा ऐकू येईपर्यंत त्यांनी त्या सुराचा आवाज वाढवत नेला. मग पूर्ण काम कंपनीला गेलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "सदर प्रकल्प तूर्त बाजूला ठेवण्यात येत आहे." कारण दिलेलं नव्हतं.

पुढचे दोन महिने साहेबांनी कारणं पुरवली. बाजार. अडाणीपणा. नवीन काही ऐकायला काळीज लागतं, तेच नाही लोकांत. शेजारी म्हणून मीही एकदा त्यांच्या तावडीत सापडलो आणि अर्धा तास माना डोलावून सुटलो.  एका सकाळी मात्र वहिनींनी कंपनीला फोन लावला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना जोडून देणाऱ्या बाईला कुणाला काय सांगितलं की फोन पुढे जातो हे पाठ होतं. पाच मिनिटांत त्या तिथल्या ध्वनिमुद्रकापर्यंत पोचल्या.

"बाई, सगळं उत्तम आहे हो," तो म्हणाला, "पण ती शिटी! दुसऱ्या रचनेपासून जी सुरू होते ती शेवटपर्यंत. आमच्याकडे सगळ्यांनी कान झाकले. मुद्दाम केलं असेल, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. तिचा आवाज उतरवा, आमचे साहेब पुन्हा विचार करतील."

वहिनींना ती शिटी पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. दात शिवशिवत. पण भाऊजी एवढे शिकलेले, काहीतरी असेल त्यात, असं म्हणून त्या गात राहिल्या. जावेला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं, असंच असतं. म्हणून तर बोळे."

संध्याकाळी वहिनींनी सांगून टाकलं.

"शिटी?" साहेब हसले. "कुठली शिटी? अहो, तो सूर इतका नाजूक आहे की लक्ष देऊन ऐकावा लागतो."

"भाऊजी, तो नाजूक नाही. तो कर्कश आहे."

"त्यांचे स्पीकर भिकार असतील."

"आपल्या घरातही कर्कशच आहे."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने भाजीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात कानांच्या विभागात गेले. श्रवण तपासायच्या यंत्राची दुरुस्तीही त्यांच्याकडेच. दर सहा महिन्यांनी ते त्याचे हेडफोन एका धातूच्या कपावर ठेवून काटा जुळवत. स्वतःच्या कानाला त्यांनी ते कधीच लावले नव्हते. तपासणाऱ्या बाईंना वाटलं, यंत्र बघायला आलेत.

"नाही," साहेब म्हणाले. "मला बघा."

काचेच्या बंद खोलीत बसून त्यांनी ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. खालच्या सुरांना ते पटापट दाबत गेले. वरचे सूर सुरू झाले, तेव्हा बाईंना काचेतून दिसलं की त्यांचा अंगठा बटणावर तयार आहे आणि हलत नाही. त्या आवाज वाढवत होत्या. अंगठा तसाच. चेहऱ्यावर वर्गात पहिला येणाऱ्या मुलाची उत्सुकता.

आलेख कागदावर आला. अर्ध्यापर्यंत सपाट आणि मग कड्यावरून ढकलून दिल्यासारखा खाली. बाई हळूच म्हणाल्या, "वयाने होतं साहेब. पुष्कळांचं होतं."

"यंत्र बिघडलं असेल," साहेब म्हणाले.

 यंत्राच्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली होती: "तपासले, अचूक आहे." तारीख मागच्या सोमवारची. खाली साहेबांचीच सही.

घरी येऊन ते मागच्या खोलीत बसले. वहिनी दारात उभ्या राहिल्या.

"तो सूर उतरवला, तर मला ऐकू येणार नाही," साहेब म्हणाले. "मी केलेलं मलाच नाही."

"मग नका उतरवू," वहिनी म्हणाल्या. "राहू दे त्यांच्या कपाटात. माझं काय अडलंय? जन्मभर बोललेच की मी."

"तो सुरू झाला की लोक कान झाकतात ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हीही झाकल्या जाता."

 वहिनी नव्या फ्रेमचा चष्मा काढून पदराने उगाचच पुसत राहिल्या.

साहेबांनी मीटरवरची चिकटपट्टी नखाने ओढून काढली. "बसा," ते म्हणाले. "मी खाली आणत जातो. तुम्ही सांगा."

"अजून," वहिनी म्हणाल्या. "अजून. अजून थोडा." काटा उतरत होता. एका ठिकाणी साहेबांचा हात थबकला. त्यांच्यापुरता सूर तिथे संपला होता. "थांबू का?"

"नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. "अजून बराच आहे."

ते उतरवत राहिले. त्या "बास" म्हणाल्या तेव्हाच त्यांनी बटणावरून बोटं काढली. मग त्यांनी बायकोला बोलावून बोळे काढायला लावले आणि पूर्ण रचना तिला ऐकवली. दोन वर्षं एका घरात राहून तिने ती पहिल्यांदाच ऐकली. संपल्यावर ती जावेकडे वळली. "अहो, हे तुम्ही गात होतात?" एवढंच म्हणाली.

नवं ध्वनिमुद्रण कंपनीला गेलं. पोच आली. चौकशी केली तेव्हा कळलं की तो तरुण अधिकारी सोडून गेला आणि त्याच्यामागे असलं संगीत काढणारी शाखाच बंद झाली. करार कंपनीकडे आहे, त्यामुळे दुसरीकडेही देता येत नाही. याला आता दीड वर्ष होईल. ध्वनिमुद्रण कपाटात आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा साहेबांनी मला मागच्या खोलीत बसवलं. माझ्या अंगात चेष्टेखोरपणा भरपूर, पण पहिल्या रचनेत वहिनींचा आवाज सुरू झाला आणि तो कुठल्या कुठे पळाला. दुसरी रचना लागली. साहेबांचं लक्ष घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होतं. मग त्यांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आता आला ना तो वरचा सूर?"

"आला."

"कसा आहे?"

"अगदी बारीक. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ यावी तसा..."

"साहित्य नको," साहेब म्हणाले. "वहिनींच्या आवाजावर येतो का?"

"नाही. मागे आहे. पण आहे."

"बरं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि माझ्याबरोबर ते पुढचं ऐकत बसले.