खळ्यावरचा बर्फ
मळणीसाठी सारवलेल्या खळ्याचा ओला वास आला, की लढाईहून परतलेला माझा थोरला भाऊ आठवतो. विलायतेत गोठलेल्या तळ्यावर सहा-सहा गोरे शिपाई काठ्यांनी एक चकती एकमेकांच्या गोलात, म्हणजे दोन खांबांच्या मधी, हाणतात, असं तो सांगायचा. निजामाच्या मुलखात बर्फ कुणी पाहिलेला? आम्ही हसायचो. "चला, दावतो," म्हणत तो एकदा बाभळीची काठी घेऊन गुळगुळीत खळ्याकडं निघाला. "बूट काढ की, खळं हाय!" माय ओरडली. आल्यापासून त्यानं आमच्यासमोर बूट काढलेच नव्हते. त्यानं ते हळूहळू उतरवले. पायांना बोटंच नव्हती. "तिथल्या थंडीनं नेली, माय," म्हणत तो दोन दगड मांडून मधोमध बसला. "गोल राखणाऱ्याला लई पळावं लागत न्हाई." आता खळं माझं आहे, पण तिथं येणाऱ्या कुणालाही 'बूट काढ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.