वेणूचा डावा पाय

“डावा घ्या, मावशी. उजवा राहू द्या,” वेणू म्हणाली.

मी तिला उताणं पडून पाणी प्यायला शिकवत होते. चहाच्या किटलीसारखी चोच असलेला फीडिंग कप तिच्या हातात होता. ऑपरेशननंतर कित्येक महिने पाठीवर पडून राहायचं असतं. तेव्हा खाणं, पिणं, बेडपॅन, सगळं आडव्यानंच. याची सवय आधी केली तर मुली पुढे रडकुंडीला येत नाहीत. म्हणून मेजरसाहेबांच्या केसेस तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं.

मेजरसाहेब म्हणजे आमच्या बनारसच्या इस्पितळातले हाडांचे सर्जन, इंग्रज आणि मितभाषी. मी तिथली नर्स. आमच्या वॉर्डात मराठी बोलणारी मीच एकटी, त्यामुळे मंगला गौरीच्या देवळाकडच्या मराठी घरांतलं कुणी आलं की ते आपसूक माझ्या वाट्याला यायचं. वेणू तिथलीच. चौदा वर्षांची, वडील पाठशाळेत संस्कृत शिकवणारे, आई नाही, एक धाकटी बहीण. घरात मराठी, पण शाळा, मैत्रिणी, गल्ली, सगळं हिंदी. ती रागावायचीसुद्धा हिंदीतच.

तिला स्कोलिओसिस होता. यात मणके एका बाजूला झुकतात आणि झुकता झुकता पिळतातही. मग एक खांदा वर जातो, एका बाजूच्या बरगड्या मागून वर येतात आणि लोक कुबड म्हणून मोकळे होतात. मूल वाढत असतं तोवर बाकही वाढतो. पुढे तो छातीतली जागा खातो आणि धाप लागायला लागते. वेणूला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना तेव्हाच दोनदा थांबावं लागत होतं. बाक आताच थांबवायचा, एवढंच करता येण्यासारखं होतं.

साहेबांची रीत अशी. आधी हनुवटीखालून आणि मानेमागून पट्टा घालून रोग्याला कप्पीवर ताणायचं, आणि तसंच ताणलेलं असताना अंगाभोवती प्लॅस्टर चढवायचं. ते वाळलं की पाठीकडून त्याला एक खिडकी कापायची आणि त्या खिडकीतून ऑपरेशन करायचं. पायाच्या नडगीच्या हाडाची एक चिपटी, म्हणजे पातळ लांबट तुकडा, काढून मणक्यांवर बसवायची. ती तिथे धरली की ते मणके एकमेकांना सांधले जातात आणि पुढे झुकत नाहीत. नडगीची जखम भरून येते. पाय होता तसाच राहतो.

हे सगळं मी वेणूला सांगितलं होतं. एका चिंधीच्या बाहुलीला प्लॅस्टरचं जाकीट चढवून दाखवलं होतं. समजलं का विचारलं तर तिने मान डोलावली होती. प्लॅस्टर चढवतानाही हूं की चूं केलं नाही. मी वॉर्डात तिचं कौतुक सांगत फिरत होते.

आणि आता हे, डावा घ्या.

“डावा का गं?” मी विचारलं.

“घाटावर चढताना मी उजवा आधी टाकते. तो राहिला तर काठी घेऊन जमेल.”

मी कप खाली ठेवला. काठी कशाला लागेल, असं विचारल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कशी कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

“आप्पांनी सांगितलं ना. पाय कलम करणार आहेत.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आप्पा म्हणजे तिचे वडील, भला माणूस. मुलीला भीती वाटू नये म्हणून त्यांनी आपल्या परीने सोपं करून सांगितलं होतं, पायाचं हाड घेऊन पाठीत कलम करणार. त्यांच्या डोळ्यांपुढे आंब्याचं कलम होतं, फांदीवर फांदी बांधून धरवलेलं. वेणूच्या शाळेत इतिहास हिंदीतून. तिथे राजे शत्रूचं सर कलम करतात, म्हणजे मुंडकं उडवतात. तिने कलम हा शब्द तिथलाच ऐकला होता. पुढचं मी जे सांगितलं ते सगळं तिने कापलेल्या पायावर बसवून घेतलं. हाडाची चिपटी काढायची तर पाय कापावाच लागेल, हे तिला वेगळं सांगायची गरजच वाटली नाही.

तिचे घोटे उघडे होते. दोन्ही घोट्यांवर पैंजणांचे फिकट वळ दिसत होते. पैंजणं कुठे गेली विचारलं तर म्हणाली, चिमीला देऊन टाकली. चिमी म्हणजे धाकटी. एका पायात घालून काय करू, म्हणाली. हे तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं. पाय जाणार असं समजून ही पोर कितीतरी रात्री आमच्या वॉर्डात झोपली होती, आणि सकाळी उठून मला सांगत होती, डर नाही वाटत.

मी तिच्या नडगीवर बोट ठेवलं. इथून एवढी रुंद, एवढी लांब चिपटी, असं बोटाने आखून दाखवलं. बाकी सगळा पाय तुझा, म्हटलं. तिने स्वतःच्या बोटाने पुन्हा तीच रेघ ओढून पाहिली आणि तेव्हा कुठे रडली. प्लॅस्टरमुळे तिला हुंदकाही धड देता येईना.

“मग पायल परत मागू का?” डोळे पुसून तिने विचारलं.

माग की, मी म्हटलं, तुझीच आहेत. चिमी खमकी निघाली. दिलेलं परत देतात का, असं म्हणून तिने एकच पैंजण पाठवून दिलं. वेणूने ते डाव्या पायात घातलं. आप्पांना मी काय झालं ते सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बाहेरच्या बाकावर उपरणं तोंडाशी धरून बसले होते. त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग जर्मनीशी जुंपलेली लढाई आमच्या इस्पितळात आली. गोळ्या नाही आल्या, हुकूम आला. मेजरसाहेबांना फौजेच्या इस्पितळात हजर व्हायचं होतं, लगेच. मी त्यांच्या खोलीत गेले. ते पुस्तकं पेटीत भरत होते.

“सर, वेणूचं तेवढं करून जा. ती तयार आहे.”

“ऑपरेशन मी उद्या सकाळी करू शकतो, सिस्टर,” ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. “नंतरचं प्लॅस्टर कोण बदलेल? आत पू झाला तर कोण उघडेल?”

बनारसमध्ये ते काम येणारं दुसरं कुणी नव्हतं. लखनौचे सर्जनही फौजेतच गेले होते. अर्धवट सोडण्यापेक्षा सुरूच न करणं बरं, असं साहेब म्हणाले, आणि मला राग आला तरी ते खरं होतं. जाण्याआधी ते वॉर्डात वेणूला भेटून गेले. तिने हात जोडले.

प्लॅस्टर मीच कापलं. नुसतं ठेवून उपयोग नव्हता, कातडीला जखमा झाल्या असत्या. ते निघालं तेव्हा तिची पाठ पुष्कळ सरळ दिसत होती. तिने पाठीमागून हात फिरवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाली, “ठीक झालं की, मावशी.” ते टिकणार नाही, हे मला तेव्हाच सांगावं लागलं. माझ्या नोकरीतलं त्याहून वाईट वाक्य मला आठवत नाही. मग केव्हा, तिने विचारलं. लढाई संपली की, मी म्हणाले.

लढाई संपली. साहेब बनारसला परतले नाहीत. पुढे एका दुसऱ्या डॉक्टरांनी तिला तपासलं. पाठ आता ताठर झाली आहे आणि छातीला क्लोरोफॉर्म सोसणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आप्पांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर एकदा मंगला गौरीला दर्शनाला गेले होते. वाटेत पायरीवर वेणू बसलेली दिसली. दम खात होती. लहान मुलींना घरी शिवण शिकवते, म्हणाली. खांदा कानाला लागायला आला होता. डाव्या पायात अजून ते एकटं पैंजण होतं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. उठताना तिने माझा हात धरला, उजवा पाय आधी टाकला आणि अगदी सहज म्हणाली,

“मी सगळा पाय द्यायला निघाले होते, मावशी. त्यांनी चिपटीसुद्धा नाही नेली.”

मी उरलेल्या पायऱ्या तिच्याबरोबर चढले. ती थांबली की मीही थांबत होते.

नव्या नर्स मुली अजून कधीमधी माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. मी सांगते, रोग्याला समजलं का असं विचारू नका, तो हो म्हणतो. काय समजलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. एवढं मला शिकवता येतं. ऑपरेशनला तयार झालेल्या मुलीला तसंच घरी कसं पाठवायचं, हे त्यांनी विचारलं तर मी चहा टाकायला उठते.