पोचपावतीवरची सही

पोस्टातल्या डिंकाचा वास आला की मला पोचपावतीची ती जाड कार्डं आठवतात. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून मी पारोळ्याला आले, तेव्हापासून शिरपूरला वडिलांना पत्रं पाठवायची. उत्तर कधी आलं नाही. मग मी पत्र रजिस्टर करून पोचपावती जोडू लागले. काउंटरवरचे कारकून म्हणायचे, "अक्का, साधं टाका ना, पत्र तं पोचतंच." पण मला सही हवी होती. दाराशी आलेला कागद वडील दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसत. आठवड्याभरात कार्ड परत यायचं. पत्ता माझ्याच अक्षरात, आणि खाली त्यांची लांब शेपूट ओढलेली सही. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं. एका दुपारी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळत असताना पोस्टमन कार्ड देऊन गेला. सही भावाची होती. वडील गेल्याचं मला त्या सहीनं कळवलं, घरून कुणी कळवलं नाही. कार्डावर उमटलेली पिठाची बोटं मी पुसली आणि भाकरी थापायला बसले. सगळ्या टम्म फुगल्या. आता भावाला राखी साध्या टपालानंच टाकते. पोचली का, ते विचारत नाही.